मजकुराधारित संगणकीय खेळांतील वस्तुवर्णने : दिशाभूल करणाऱ्या संदेशांचे स्वरूप व स्पष्टीकरण

प्रस्तावना

संगणकीय खेळ म्हटले की चलच्चित्रे, रंग आणि ध्वनी डोळ्यांपुढे येतात. परंतु या माध्यमाच्या आरंभकाळात असा एक खेळप्रकार रूढ झाला, की ज्यात चित्र मुळीच नसे. संगणक काही वाक्ये छापी, खेळाडू कळफलकावर एकदोन शब्दांची आज्ञा देई, आणि संगणक पुन्हा वाक्यानेच उत्तर देई. अशा खेळांना मजकुराधारित खेळ असे म्हटले जाते. यात खेळाडूला गुहा दिसत नाही, गुहेविषयीचे वाक्य दिसते. दिवा हाती येत नाही, दिवा हाती आल्याचे वाक्य येते. त्या वाक्याचा पडताळा घेण्यास दुसरे कोणतेही साधन त्याच्यापाशी नसते. चित्रमय खेळात एखादी सूचना चुकली तरी डोळा ती सावरून घेतो. येथे मात्र वस्तूच्या वर्णनाचा संदेश चुकीच्या समजुतीकडे नेणारा निघाला, तर खेळाडूचे जगच चुकते. एकदा असा अनुभव आला की तो पुढील खऱ्या संदेशांवरही विश्वास ठेवीनासा होतो आणि खेळातील कोडे सोडविण्याचा पायाच खचतो.

दुसऱ्या बाजूने, कोड्याला लपविणे आवश्यकच असते. सर्व काही स्पष्ट सांगितले तर खेळ उरणार नाही. तेव्हा कोणते लपविणे न्याय्य आणि कोणते दिशाभूल करणारे, व दिशाभूल करणारा संदेश दुरुस्त करताना कोड्यास धक्का न लावता किती स्पष्टीकरण करावे, हा प्रश्न केवळ संगणकशास्त्राचा राहत नाही. तो भाषाव्यवहाराचाही होतो. प्रस्तुत लेखात ‘कोलोसल केव्ह ॲडव्हेंचर’ (यापुढे ‘ॲडव्हेंचर’) आणि ‘नेटहॅक’ या दोन प्रसिद्ध खेळांतील वस्तुवर्णनांच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

‘ॲडव्हेंचर’ची पार्श्वभूमी

अमेरिकेतील बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन या संस्थेत काम करणारे प्रोग्रॅमर विल क्राउथर यांनी १९७५-७६ च्या सुमारास पीडीपी-१० या संगणकावर फोरट्रान भाषेत हा खेळ प्रथम लिहिला. क्राउथर हे स्वतः गुहासंशोधक होते, आणि खेळातील गुहा केंटकी राज्यातील मॅमथ केव्ह समूहाच्या बेडक्विल्ट या भागावर बेतलेली आहे. १९७७ मध्ये स्टॅनफर्ड येथील डॉन वूड्स यांनी क्राउथर यांच्या संमतीने त्याचा विस्तार केला. ३५० गुणांची ही आवृत्तीच पुढे सर्वत्र पसरली, आणि येथील विवेचन प्रामुख्याने तिच्याविषयी आहे. डेनिस जेर्झ यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात क्राउथर यांची मूळ आज्ञावली उजेडात आणली व प्रत्यक्ष गुहेशी खेळातील वर्णने ताडून पाहिली. त्यातून स्थळवर्णनांचा वास्तवाशी असलेला जवळचा संबंध स्पष्ट झाला. स्थळवर्णन इतके विश्वासार्ह असल्यावर खेळाडू तोच विश्वास वस्तुवर्णनावरही टाकतो, ही गोष्ट पुढील विवेचनात महत्त्वाची आहे.

वस्तूचे नाव आणि वस्तूची स्थिती

वूड्स यांच्या आवृत्तीत संदेश आज्ञावलीपासून वेगळे काढून एका माहितीसंचिकेत क्रमांकवार ठेवले होते. तिच्या पाचव्या विभागात वस्तूंची वर्णने असत. प्रत्येक वस्तूला दोन प्रकारचा मजकूर मिळे : खेळाडूजवळील वस्तूंच्या यादीत दिसणारे आखूड नाव, आणि वस्तू एखाद्या ठिकाणी पडलेली असताना छापले जाणारे वर्णन. हे दुसरे वर्णन वस्तूच्या स्थितीगणिक बदले. दिवा विझलेला असल्यास एक वाक्य, पेटलेला असल्यास दुसरे. चिनी फुलदाणीला तर अखंड असल्याचे, मखमली उशीवर ठेवल्याचे, फुटताना होणाऱ्या आवाजाचे आणि तिच्या खापऱ्यांचे अशी चार वाक्ये होती.

ही योजना साधी आणि तिच्या काळाच्या मानाने फार समंजस होती. परंतु तिच्यातच एका दोषाचे बीज आहे. वाक्य वस्तूच्या स्थितीला बांधलेले आहे, स्थळाला नाही. खापऱ्यांचे वाक्य सांगे की फरशीवर खापऱ्या विखुरल्या आहेत. पर्शियन गालिच्याचे वाक्य सांगे की तो फरशीवर पसरला आहे. गुहेत हे ठीक होते. पण खेळाडूने फुलदाणी बाहेर रानात नेऊन टाकली तरी वाक्य तेच! उघड्या रानात फरशी कोठून आली? एरिक रेमंड यांनी मूळ लेखकांच्या संमतीने २०१७ मध्ये ‘ओपन ॲडव्हेंचर’ या नावाने १९९५ ची वाढीव आवृत्ती पुन्हा प्रसिद्ध केली, तेव्हा दुरुस्त्यांच्या टिपणात या चुकीची आवर्जून नोंद केली गेली. त्याच टिपणात आणखी एक दुरुस्ती आहे : पिंजऱ्यातील पक्षी पूर्वी जवळील वस्तूंच्या मोजणीत दोन वस्तू म्हणून धरला जाई. वाचणाऱ्याला ‘पिंजऱ्यातील पक्षी’ हे एकच ओझे वाटे, संगणकाच्या हिशेबी ती दोन होती.

या दोन चुका वरवर क्षुल्लक आहेत. तथापि त्यांत एक फरक आहे. फरशीची चूक खेळाडूला हसवील, फार तर बुचकळ्यात टाकील. मोजणीची चूक त्याला नेता येण्याजोगी एक वस्तू मागे ठेवायला लावील, आणि असे का झाले हे त्याला कळणारही नाही. म्हणून दुरुस्तीचा क्रम लावताना वाक्य किती चुकले यापेक्षा त्या वाक्यावर विसंबून खेळाडू काय करील, हे आधी पाहणे योग्य ठरते.

दोन काळ्या दांड्या

‘ॲडव्हेंचर’मध्ये तीन फूट लांबीच्या दोन प्रकारच्या काळ्या दांड्या आहेत. एकीच्या टोकाला गंजलेली चांदणी आहे, दुसरीच्या टोकाला गंजलेली खूण. पहिली जादूची असून ती योग्य ठिकाणी हलविली असता दरीवर स्फटिकाचा पूल उभा राहतो. दुसरी प्रत्यक्षात स्फोटक आहे. खेळाच्या अखेरीस खेळाडू एका भांडारात पोहोचतो. त्याच्या ईशान्य टोकाला चांदणीवाल्या दांड्यांचा जुडगा आहे आणि नैर्ऋत्य टोकाला खूणवाल्या दांड्यांचा. येथे खूणवाली दांडी एका टोकाला ठेवून, आपण दुसऱ्या टोकाला उभे राहून स्फोटाची आज्ञा द्यावयाची असते. दांडी जवळ असताना आज्ञा दिली तर खेळाडूच्याच चिंधड्या उडतात.

‘चांदणी’ आणि ‘खूण’ या एका शब्दाच्या फरकावर येथे सर्व भिस्त आहे. हा फरक लपविलेला नाही. तो वाचकाच्या डोळ्यांपुढेच ठेवला आहे, पण सवयीमुळे तो वाचला जात नाही. अशा योजनेस दिशाभूल म्हणणे अन्यायाचे होईल. ही कोडे घालणाऱ्याची हातोटी आहे. परंतु खेळाडूने दांडी उचलली की तिचे लांब वर्णन नाहीसे होते, आणि यादीत दोन्ही दांड्यांचे नाव केवळ ‘काळी दांडी’ एवढेच येते. ज्याने बारकाईने वाचून भेद ओळखला, त्याच्याही हातून यादी तो भेद हिरावून घेते. दोन्ही दांड्या उचलून चालणाऱ्याला, त्यांतील कोणती खाली ठेवावी हे यादी पाहून सांगता येणार नाही.

लांब वर्णनातील बारीक भेद हा लेखकाने घातलेला पडदा आहे. यादीतील अभेद हा आखूड नाव ठेवताना झालेला संकोच आहे. यादीत ‘चांदणीची काळी दांडी’ आणि ‘खुणेची काळी दांडी’ असे लिहिले असते, तर स्फोटाचे रहस्य तसूभरही उघड झाले नसते. खेळाडूला एकदा दिलेली माहिती पुढील संदेशाने परत घेऊ नये, असा नियम येथून काढता येईल.

पक्षी का घाबरतो?

या खेळातील सर्वांत विचार करण्याजोगे उदाहरण पक्ष्याचे आहे. गुहेत एक छोटा आनंदी पक्षी गात बसलेला असतो. पुढे वाट अडविणाऱ्या सर्पाला पळवून लावण्यासाठी हा पक्षी हवा असतो, आणि त्याला धरण्यासाठी पिंजरा. परंतु खेळाडूजवळ चांदणीची काळी दांडी असेल तर पक्षी सापडत नाही. गुहेच्या वाटेवर आधी पिंजरा, मग दांडी आणि त्यानंतर पक्षी अशी मांडणी असल्याने पहिल्या खेपेस बहुतेक खेळाडूंच्या हाती दांडी असतेच. त्यांना संदेश मिळतो तो असा, की तुम्ही आत आलात तेव्हा पक्षी निर्धास्त होता, पण जवळ जाताच तो बिथरला व तुम्हाला धरता आला नाही.

या वाक्यात असत्य काही नाही. जे घडले ते सांगितले आहे, का घडले ते सांगितलेले नाही. मात्र ‘जवळ जाताच’ या शब्दांनी वाचकाचे लक्ष चालण्याकडे वेधले जाते. हळू जावे, मागून जावे, पुन्हा प्रयत्न करावा, असे उपाय त्याला सुचतात. हातातील दांडीकडे पाहण्यास कोणताही शब्द त्याला प्रवृत्त करीत नाही. तरीही येथपर्यंतचा संदेश कोड्याच्या मर्यादेत आहे असे म्हणता येईल. खेळाडू जवळच्या वस्तू एकेक खाली ठेवून प्रयोग करू शकतो, आणि बऱ्याच जणांनी कोडे तसेच सोडविले असणार.

खरी हरकत पुढच्या संदेशाला आहे. काही वेळ प्रयत्न फसले की खेळ स्वतःहून विचारतो : पक्ष्याला धरण्याचा प्रयत्न चालला आहे काय? खेळाडूने होकार दिला आणि दोन गुण गमावण्याची तयारी दाखविली की मदत मिळते. १९७७ च्या आवृत्तीतील ही मदत सांगते की पक्षी सध्या घाबरलेला आहे, काहीही केले तरी तो धरता येणार नाही. पुन्हा केव्हातरी प्रयत्न करून पाहावा. येथे दांडीचा उल्लेख तर नाहीच, उलट दोन चुकीच्या समजुती मात्र पेरल्या आहेत. ‘काहीही केले तरी’ हे विधान खरे नाही, कारण दांडी खाली ठेवली की पक्षी लगेच धरता येतो. ‘पुन्हा केव्हातरी’ हा सल्ला भीतीचे कारण काळात असल्याचे सुचवितो. वस्तुतः दांडी हाती असेपर्यंत शंभर वेळा परत आले तरी काहीच बदलत नाही. गुण मोजून घेतलेल्या मदतीने खेळाडूला उत्तरापासून आणखी दूर नेले आहे. मराठीत ज्याला ‘नरो वा कुंजरो वा’ म्हणतात, त्यातही एक खरा शब्द होता. या मदतीत तोही आढळत नाही.

याच मदतीचे स्पष्टीकरण कोडे न फोडता कसे करता आले असते? ‘पक्षी घाबरला आहे’ ऐवजी ‘पक्षी कशाला तरी घाबरत आहे’ एवढा बदल पुरेसा होता. कर्मणी-कर्तरी असा हा किरकोळ फेरफार नव्हे. पहिल्या वाक्यात भीती ही पक्ष्याची अवस्था ठरते आणि वाट पाहण्यावाचून उपाय उरत नाही. दुसऱ्या वाक्यात भीतीला विषय मिळतो आणि शोध सुरू होतो. उत्तर दोन्हीकडे झाकलेलेच राहते. लपविणे आणि दिशाभूल करणे यांतील सीमारेषा येथे दाखविता येते : न्याय्य संदेश योग्य दिशा मोकळी ठेवतो, दिशाभूल करणारा संदेश ती बंद झाल्याचे सांगतो.

शिंपला, कालव आणि अजगरी प्रश्न

याच खेळात एक प्रचंड शिंपला आहे. त्रिशूळ वापरून तो उघडला की आतून मोती घरंगळत बाहेर पडतो, आणि संगणक कबूल करतो की हे तर कालव असले पाहिजे, आपल्याला या जातीचे प्राणी ओळखण्यात कधीच गती नव्हती. त्यानंतर वस्तूचे नावही कालव असे होते. कोकणपट्टीतील वाचकाला, जो तिसऱ्या, खुबे आणि कालवे यांत कधीच गल्लत करीत नाही, हा विनोद विशेष रुचेल. आपल्याच वर्णनाची चूक निवेदकाने मान्य करावी असे हे बहुधा पहिल्याच काळातील उदाहरण आहे, आणि ते निष्कपट आहे. कारण चुकीच्या नावामुळे खेळाडूचे काहीही नुकसान झालेले नसते, आणि कबुली वेळेवर येते. पुढे अखेरच्या भांडारात याच कालवावर लिहिलेला संकेत वाचावयाचा असतो. ती कबुली लक्षात ठेवणाऱ्याला त्या वस्तूकडे पुन्हा पाहावेसे वाटते.

ड्रॅगनचा प्रसंग याहून खोडकर आहे. ‘ड्रॅगनला मार’ अशी आज्ञा दिली असता संगणक विचारतो : कशाने? नुसत्या हातांनी? ज्याला हा टोमणा वाटतो तो शस्त्र शोधीत फिरतो. ज्याने सरळ ‘होय’ असे उत्तर दिले, त्याच्या हातून ड्रॅगन मरतो. व्यंजनेने वाचले तर फसगत आणि अभिधेने वाचले तर यश, असा हा उलटा प्रकार आहे. यास स्पष्टीकरणाची गरज नाही. प्रश्न खरा होता आणि उत्तर देण्याची मुभाही खरी होती.

अनुल्लेखाचा अर्थ : ‘नेटहॅक’

‘नेटहॅक’ १९८७ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाला. त्याचा नकाशा अक्षरचिन्हांनी काढलेला असतो, आणि वस्तूंची वर्णने शब्दांत येतात. मात्र ती तयार वाक्ये नसून सुटे भाग जोडून बनविलेली असतात : संख्या, शापाची स्थिती, बलाचा अंक, नाव, आणि वस्तू हातात आहे की अंगावर याची नोंद. प्रत्येक वस्तू शापित, अभिमंत्रित किंवा शापरहित असू शकते. शापित शस्त्र हाताला चिकटून बसते, शापित चिलखत अंगावरून निघत नाही. त्यामुळे ही माहिती जीवनमरणाची असते.

आता एखादा खंजीर वेदीवर ठेवून खेळाडूने तो शापरहित असल्याची खात्री केली, तर यादीत ‘शापरहित खंजीर’ असे दिसते. नंतर त्याच खंजिराची पूर्ण ओळख पटविली की ‘+० खंजीर’ असे दिसू लागते. ‘शापरहित’ हा शब्द नाहीसा होतो! ज्ञान वाढले आणि शब्द घटला. नवख्या खेळाडूला वाटते की खंजिराला काही झाले. आज्ञावलीत यामागचे कारण टिपणरूपाने दिलेले आहे. बलाचा अंक ज्ञात आहे, म्हणजे वस्तूची पूर्ण ओळख पटलेली असणार. मग ती शापित वा अभिमंत्रित म्हटलेली नसेल तर शापरहितच असली पाहिजे. तेव्हा तो शब्द अनावश्यक. चिलखत आणि अंगठी यांचा अंक केवळ धारण केल्यानेही कळू शकतो, म्हणून त्यांच्या बाबतीत शब्द कायम ठेवला आहे. पुरोहिताची भूमिका घेणाऱ्याला सर्व वस्तूंची शापस्थिती जन्मतःच दिसते, म्हणून त्याच्यासाठी तो सर्वत्र गाळला आहे.

हा तर्क निर्दोष आहे. वाक्य मात्र दोषपूर्ण आहे. अनुमानाची साखळी आज्ञावली लिहिणाऱ्याच्या मनात आहे, आणि तिचे टिपण खेळाडू वाचत नाही. त्याच्या दृष्टीने शब्दाचा अभाव दोन अर्थांचा झाला : ‘माहीत नाही’ आणि ‘शापरहित आहे’. शिवाय साखळी क्वचित तुटतेही. ३.६ मालिकेत गोंधळलेल्या अवस्थेत शापनिवारक गुंडाळी वाचली तर संबंधित वस्तूंच्या शापस्थितीचे ज्ञान पुसले जाते, पण अंकाचे ज्ञान टिकून राहते. तेव्हा ‘+० खंजीर’ हे शब्द जाणत्यालाही काही सांगू शकत नाहीत. २०१५ मध्ये आलेल्या ३.६.० आवृत्तीत हा शब्द नेहमी दाखविण्याचा पर्याय देण्यात आला. मूळ व्यवहार मात्र गाळण्याचाच ठेवला. जुन्या खेळाडूंच्या सवयीचा मान राखणे समजण्यासारखे आहे. पण ज्या नवख्याला या पर्यायाची सर्वाधिक गरज, त्यालाच तो ठाऊक नसतो.

दुरुस्ती कोठे करावी

ग्रॅहॅम नेल्सन यांनी मजकुराधारित खेळ रचण्यासाठी १९९३ मध्ये ‘इन्फॉर्म’ ही भाषा सिद्ध केली. खेळाडूंच्या हक्कांची त्यांची यादी या क्षेत्रात प्रसिद्ध आहे, आणि अतिशय संदिग्ध संकेत न मिळण्याचा हक्क तिच्यात आरंभीच येतो. ‘इन्फॉर्म’मध्ये वस्तू मूळ जागेवरून हलेपर्यंतचे वर्णन वेगळे आणि ती तपासली असता येणारे वर्णन वेगळे ठेवण्याची सोय आहे. त्यामुळे ‘कोनाड्यात समई तेवत आहे’ हे वाक्य समई पिशवीत टाकल्यावरही छापले जाण्याचा प्रसंग टळतो. लेखकाने कोनाड्याचा उल्लेख चुकून दुसऱ्या वर्णनात केला तर मात्र भाषा त्याला वाचवू शकत नाही. यास्तव दुरुस्ती करणाऱ्याने आधी पाहावे की चूक शब्दात आहे, की शब्द चुकीच्या स्थितीशी जोडला गेला आहे. दुसऱ्या प्रकारात वाक्य कितीही सफाईदार केले तरी ते अन्यत्र खोटे ठरणारच. ‘ओपन ॲडव्हेंचर’च्या प्रकल्पात नोंदविलेल्या खेळी पुन्हा चालवून मिळणारा मजकूर जुन्या मजकुराशी ताडून पाहिला जातो. एक शब्द बदलल्याने भलतीकडे काय बदलले, हे त्यामुळे तत्काळ दिसते.

हे खेळ मराठीत आणावयाचे झाल्यास प्रश्नाचे रूप काहीसे पालटेल. फरशीची ती चूक मराठीत झालीच नसती, कारण ‘जमिनीवर’ हा शब्द घरात आणि रानात सारखाच चालतो. उलट ‘नेटहॅक’सारखी जोडवर्णने मराठीत अवघड होतील. ‘गंजलेला खंजीर’, ‘गंजलेली तलवार’, ‘गंजलेले चिलखत’ अशी विशेषणे नामाच्या लिंगानुसार बदलतात, आणि क्रियापदही बदलते. खेळाडूला अंधारात वस्तूचा केवळ स्पर्श झाला असता ‘काहीतरी हाताला लागले’ एवढे सांगून इंग्रजीप्रमाणे तिचे स्वरूप झाकता येईल. परंतु पुढच्याच संदेशात ‘ती खाली पडली’ असे लिहावे लागले, तर ती वस्तू खंजीर नव्हे हे व्याकरणानेच फोडलेले असेल. आणि हे टाळण्यासाठी सरसकट नपुंसकलिंग योजले, तर तलवार हाती घेऊनही खेळाडू चिलखताचा विचार करीत राहील.